रेक्स ट्रेगेन्झाची अर्धी माफी

१

रेक्स ट्रेगेन्झाने जन्मात कधी कुणाची माफी मागितली नव्हती. त्यामुळे त्या सोमवारी त्याच्या ब्लॉगवर माफी झळकली, तेव्हा तो मेल्याचं लोकांना जेवढं नवल वाटलं नाही तेवढं त्या माफीचं वाटलं.

मेल्याचं कळलं ते आधी आम्हा दोघांना, मला आणि मेरिनला. मेरिन म्हणजे त्याची घटस्फोट घेतलेली बायको. आमच्या क्वीनबियन गावाच्या मुख्य रस्त्यावर तिची बेकरी आहे. नवरा म्हणून त्याला कधीच सोडलं होतं, तरी दर सोमवारी उजाडताना आदल्या दिवशीचा पाव आणि दोन-चार खिम्याचे पॅटिस त्याच्या मागच्या दारात ठेवून जायची. "भटक्या कुत्र्याला घालतोच ना आपण," म्हणायची.

मी शेजारी राहतो. मधे एक कुंपण, तेही मोडकं. तिची किंकाळी ऐकून मी तसाच सपाता घालून धावलो. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, गवतावरचं दहिवर गोठून पांढरं झालेलं. मागच्या लाकडी पायऱ्यांच्या तळाशी रेक्स पडला होता, डोकं काँक्रीटवर. गवतावर होतं तेच दहिवर त्याच्या स्वेटरवरही होतं.

"क्लेम, तो थंड आहे रे," मेरिन म्हणाली. "मी हात लावला. पावासारखा थंड आहे."

अँब्युलन्स आली. मी तिला त्याच्या स्वयंपाकघरात बसवून चहा टाकला. टेबलावर रेक्सचा संगणक चालूच होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हार्टली," असं पुटपुटत ती बाहेर गेली. खिडकीतून मला ती रडताना दिसत होती. परत आली तेव्हा चहा निवला होता. एका तरुण पोलीस शिपायाने पायऱ्या पाहिल्या, निसरड्या फळीवर बूट घासून पाहिला आणि म्हणाला, "घसरले असणार."

आम्हालाही तसंच वाटलं. मग नऊ वाजले आणि माझ्या खिशातला फोन टिणटिणला. रेक्सचा नवा लेख आला होता.

बाहेर त्याला चादरीत गुंडाळत होते.

२

लेख छोटाच होता.

"फिलिपा वेदरस्टोन खरं बोलत होती. नदीच्या पाण्याचे आकडे तिने बदलले नव्हते. मी तिच्याबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं. ज्या कापूसवाल्याशी तिचं सूत जुळल्याचं मी छापलं, त्याच्या गावी मी मागच्या आठवड्यात गेलो. ती नोकरीला लागली त्याच्या आधीच तो वारला होता. एक फोन केला असता तर कळलं असतं. मी केला नाही. ज्याने सांगितलं त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण मला तेच ऐकायचं होतं. मी माफी मागतो."

बस्स. पुढे कोरं.

रेक्स कोण होता हे आमच्या देशात कुणाला सांगावं लागत नाही. तो आधी एका मंत्र्याचा प्रसिद्धी सचिव होता. मंत्र्याने हाकलल्यावर त्याने याच स्वयंपाकघरात बसून 'मागचा बाक' नावाचा ब्लॉग सुरू केला. एका मंत्र्याने धरणाचं काम मेव्हण्याला दिल्याचं त्याने बाहेर काढलं आणि मंत्री घरी गेला. त्या आठवड्यात पबमध्ये रेक्सला स्वतःची बिअर स्वतः घ्यावी लागली नाही. मी रेडिओवर तीस वर्षं बातम्या दिल्या, पण एवढी दहशत माझ्या आवाजाची कधी नव्हती. संसदेतली माणसं सकाळी दात घासायच्या आधी त्याचा ब्लॉग उघडायची.

मग तीच चटक लागली. रोज कुणीतरी पडायला हवं. एका खासदाराच्या मुलीचं आजारपण त्याने चव्हाट्यावर आणलं. बदनामीचा एक खटला हरला, पण माफी मागायला नकार दिला. ज्या डाव्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांना शिव्या दिल्या, मग उजव्यांनी डोक्यावर घेतलं, मग त्यांनाही दिल्या. प्रत्येक लेखाच्या शेवटी एकच ओळ असायची: "करा आता खटला! – रेक्स."

आणि मग फिलिपा. घरचे तिला पिप म्हणायचे. पाणी खात्यातली अधिकारी. सिनेटच्या समितीपुढे तिने सांगितलं, की नदीतून किती पाणी उपसलं याचे आकडे बदलायचा हुकूम मंत्र्याच्या कचेरीतून तोंडी आला होता. आठवड्याभरात रेक्सने लिहिलं, की आकडे तिनेच बदलले, नदीच्या पाण्यावर कापूस पिकवणाऱ्या एका यारासाठी. त्याच्या वाचकांनी तिचं घर शोधून काढलं. तिच्या टपालपेटीत मेलेले मासे टाकले. तिच्या म्हाताऱ्या आईला फोन करून घाण घाण बोलले. एका रविवारी पिपची गाडी लेक जॉर्ज या तळ्याच्या काठावर सापडली. ती मात्र जिवंत सापडली नाही.

रेक्सने त्यावरही लेख लिहिला होता. मथळा होता, "निष्पाप माणूस पळून जात नाही."

त्यामुळे सोमवारी दुपारपर्यंत त्याच्या वाचकांनी निकाल देऊन टाकला: ही माफी बनावट आहे. रेक्स असा रडूबाई नव्हता. शेवटची ओळसुद्धा नाही! कुणीतरी त्याला मारलं आणि त्याच्या नावावर हे खपवलं. तो 'कुणीतरी' कोण, हेही त्यांनी ठरवलं होतं. पिपचा भाऊ, कॅलम.

आणि माझी पंचाईत ही, की रविवारी संध्याकाळी रेक्सच्या फाटकाशी उभं राहून कॅलमला ओरडताना मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

३

"मग हे कालच का नाही सांगितलंत?" वेस्नाने विचारलं.

डिटेक्टिव्ह सार्जंट वेस्ना तालेव्स्का आमच्याच गल्लीत वाढलेली. बाप मॅसेडोनियाहून आलेला गवंडी. लहानपणी तिचा चेंडू माझ्या टोमॅटोंत यायचा आणि मी तिला रागवायचो. आता ती रागवत होती.

"त्या माणसाने आधीच खूप सोसलंय गं."

"सोसलेली माणसं खून करत नाहीत असं रेडिओवर शिकवतात का? चला, बसा गाडीत. तुम्हाला बघून तो निदान बोलेल तरी. पिपच्या वेळी सरळ बातमी देणारे तुम्ही एकटेच होतात."

कॅलम वेदरस्टोन ब्रेडवूड गावाजवळ सुतारकाम करतो. आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात लाकडाला रंधा मारत होता. त्याने रंधा थांबवला नाही.

"हो, गेलो होतो. मारायलाच गेलो होतो. पुढे विचारा."

"मग?" वेस्ना म्हणाली.

"फाटकातून शिव्या घातल्या. वाटलं, दार लावून घेईल, मग लाथ मारून तोडीन. तर तो बाहेरच आला. तोंड उतरलेलं, अंगात कळकट स्वेटर. म्हणाला, 'उद्या वाच. चुकलो मी. ज्याने मला हे सांगितलं त्याचंही नाव देतोय.'" कॅलमने रंधा खाली ठेवला. "तुम्ही कधी कुणाला मारायला गेलात आणि समोरचा आधीच मेल्यासारखा दिसला, असं झालंय? काय करायचं कळेना. परत आलो."

"लेखात नाव नाही, कॅलम," मी म्हणालो.

"माहितीये. शेवटच्या घडीलाही शेपूट घातली हरामखोराने." मग वेस्नाकडे बघून म्हणाला, "बेड्या घालायच्या तर घाला बाई. फक्त आईला मी सांगतो. रेडिओवरून नको."

वेस्नाने बेड्या घातल्या नाहीत. गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "नावाचं त्याने आत्ता रचलं असेल."

"रचायचंच होतं तर 'मी गेलोच नव्हतो' हे रचलं असतं. त्याने तर सरळ 'मारायला गेलो होतो' म्हणून सांगितलं." तिने गाडी परतीच्या रस्त्याला लावली. मग म्हणाली, "क्लेम, तुम्ही रेक्सची नक्कल करायला बसलात तर सगळ्यात आधी काय लिहाल?"

"'करा आता खटला!'" मी पटकन म्हणालो.

"तेच तर," वेस्ना म्हणाली आणि गाडी बेकरीकडे वळवली.

४

बेकरीत गर्दी होती. एरवी पाव घ्यायला न येणारी माणसंही मेरिनचं तोंड बघायला आली होती. तिने आम्हाला मागे भट्टीपाशी नेलं.

"माफीच्या लेखात ती ओळ तो गाळेल का?" वेस्नाने विचारलं.

"रेक्स?" मेरिन हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "आईच्या मृत्यूची बातमी लिहिली त्याने ब्लॉगवर. स्वतःच्या आईची! त्याखालीही 'करा आता खटला'. घटस्फोटाच्या कागदावर सहीच्या खाली तेच. वकील बेशुद्ध पडायचा बाकी होता. ती ओळ लिहिल्याशिवाय त्याला लेख संपल्यासारखंच वाटायचं नाही."

"म्हणजे हा लेख संपलेला नाही."

मेरिनचे हात पिठातच थांबले.

"लोक म्हणतात ओळ नाही म्हणून लेख बनावट," वेस्ना म्हणाली. "उलट आहे. बनावट लिहिणारा ती ओळ विसरणं शक्य नाही; आख्ख्या देशाला पाठ आहे. लेख रेक्सचाच आहे. खालून कुणीतरी कापलाय. आणि कापताना ती ओळही गेली. पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?"

"मला. पण लागतो कशाला? संगणक कधी बंद करायचा नाही तो. लेखही आदल्या दिवशीच लिहून नऊची वेळ लावून ठेवायचा, आपोआप झळकायचा." मग तिच्या लक्षात आलं. "माझ्यावर संशय आहे का गं तुझा? माझ्याबद्दलही कमी लिहिलं नाही त्याने. 'माझ्या बायकोचा पाव आणि तिचं प्रेम, दोन्ही शिळं.' अजून गिऱ्हाइकं ऐकवतात मला."

"तुम्ही कापला असता तर ओळ परत चिकटवली असती. तुम्हालाच तर तिचं महत्त्व माहीत आहे." वेस्नाने एक बन उचलला. "त्याला भेटायला कोण यायचं हल्ली?"

"कोण येणार? सगळ्यांशी भांडून झालेलं. हार्टली तेवढा यायचा."

हार्टली स्प्रूल. रेक्स आणि तो एकाच मंत्र्याकडे नोकरीला लागले होते. रेक्स हाकलला गेला, हार्टली वर चढत गेला: सल्लागार, मग पाण्याच्या मंत्र्याचा मुख्य सल्लागार, आणि आता सिनेटचं तिकीट जवळजवळ खिशात.

"तोच तेवढा माणसासारखा वागला," मेरिन म्हणाली. "त्याच सकाळी फोन केला. सहज केला होता बिचाऱ्याने, रेक्स फोन उचलत नाही म्हणून. मी सांगितलं तेव्हा त्याला बोलवेना. मग म्हणाला, 'मेरिन, निदान माफी मागून मोकळा झाला. तेवढं समाधान मान.' अंत्यविधीनंतरचं भाषणही तोच करणार आहे."

वेस्ना बन खायची थांबली. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं.

"क्लेम, तो फोन आला तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"चहा," मी म्हणालो. आणि मग खिशातला फोन काढून लेखाची वेळ पुन्हा पाहिली.

५

अंत्यविधीनंतरची बैठक बोलिंग क्लबात होती. सँडविच, बिअर, आणि रेक्सने एकेकाळी फाडून खाल्लेली अर्धी संसद. तो खरंच गेलाय याची खात्री करायला आल्यासारखी. कॅलमही आला होता. कुणी बोलावलं नव्हतं. दारापाशी टोपी हातात घेऊन उभा होता आणि त्याच्या भोवती जागा रिकामी पडली होती.

हार्टली बोलायला उभा राहिला. देखणा माणूस, आवाज मधाळ.

"रेक्सने मलाही सोडलं नाही," तो म्हणाला, तसे लोक हसले. "पण शेवटी तो मोठा ठरला. त्याच्या आयुष्याचं शेवटचं वाक्य होतं, 'मी माफी मागतो.' आपल्या राजकारणाला आज याच वाक्याची गरज आहे."

टाळ्या पडल्या. मला वाटलं, हा मढ्यावर उभा राहून मतं मागतोय.

तो खाली उतरताच वेस्ना हातात बशी घेऊन त्याच्यापाशी गेली. मी आणि मेरिन मागेच होतो.

"छान बोललात. लेख तुम्ही कधी वाचलात?"

"सगळ्यांबरोबरच. सोमवारी, नऊ वाजता, ऑफिसात."

"मग नऊच्या आधी मेरिनला कसं सांगितलंत, की तो माफी मागून मोकळा झाला?"

हार्टलीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले.

"गल्लत होतेय तुमची. मी नंतर केला होता फोन."

"हार्टली," मेरिन हळूच म्हणाली, "अँब्युलन्स दारात होती रे. क्लेम चहा करत होता. तेव्हा कुठे होती माफी?"

"ठीक आहे. रेक्सने मला रविवारी फोनवर सांगितलं होतं. कुणाला कळू नये अशी त्याची इच्छा होती, म्हणून बोललो नाही."

"माफी मागणार हे सांगितलं," वेस्ना म्हणाली. "आणि नाव कुणाचं देणार ते?"

"कसलं नाव?"

"फाटकातून शिव्या देणाऱ्या परक्या माणसाला त्याने सांगितलं, की नाव देतोय. जुन्या मित्राला नाही सांगितलं?"

आजूबाजूचं बोलणं थांबलं होतं. कॅलम दारापासून दोन पावलं पुढे आला होता.

"पिप वेदरस्टोनने समितीला सांगितलं, हुकूम तोंडी आला," वेस्ना म्हणाली. "मंत्र्याच्या कचेरीतून. त्या कचेरीचं तोंड कोण होतं, मिस्टर स्प्रूल? तिचं तोंड बंद करणारी गोष्ट रेक्सच्या कानात कुणी सोडली? लेख अख्खा उडवला असता तर लोकांनी विचारलं असतं, रेक्स सोमवारी काय टाकणार होता; शुक्रवारीच त्याने 'सोमवारी नऊला मोठा बार' म्हणून जाहीर केलं होतं. म्हणून माफी ठेवली आणि नाव कापलं. दोष आपोआप कॅलमवर जाणार होता. रविवारी रात्री, कॅलम गेल्यावर, तुम्ही त्या घरात होतात."

"तो ऐकत नव्हता!" हार्टलीचा मधाळ आवाज फाटला. "शनिवारी पक्षात तिकिटाचं मतदान होतं. मी म्हटलं, एक आठवडा थांब. एकच आठवडा! पायऱ्यांवर वाट अडवून उभा राहिला. म्हणाला, तिला दिला होतास एक आठवडा? मी ढकललं नाही. नुसतं बाजूला सारलं."

"आणि तो खाली पडल्यावर?"

हार्टलीने दाराकडे नजर टाकली; वाटेत कॅलम उभा होता.

"आत जाऊन टेबलाशी बसलात," वेस्ना म्हणाली. "अँब्युलन्सला फोन करायच्या ऐवजी."

मेरिनने हातातली सँडविचची बशी शांतपणे टेबलावर ठेवली आणि त्याच्या थोबाडीत मारली. क्लबात कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतल्या एका खासदाराने मात्र फोन काढून हार्टलीबरोबरचा आपला फोटो पुसायला घेतल्याचं मी पाहिलं.

६

हार्टलीला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. तिकीट दुसऱ्याला मिळालं. तो दुसरा आज सिनेटर आहे आणि पाण्यावर बोलतो.

आकड्यांची चौकशी झाली. चौकशी समितीने म्हटलं, की हुकूम तोंडी असल्यामुळे काही सिद्ध होत नाही. मंत्र्यांना काही आठवत नव्हतं.

मेरिनने ब्लॉगवर सगळी हकीकत लिहिली: माफी खरी आहे, खालचा भाग कापलाय. त्याखाली हजारो लोकांनी लिहिलं. बाईला नवऱ्याचं नाव विकायचंय. पोलीस विकले गेलेत. रेक्स कधी झुकला नसता. ज्या वाचकांना त्याने इतकी वर्षं कशावरही विश्वास ठेवायला शिकवलं होतं, त्यांनी त्याच्या एका खऱ्या लेखावर विश्वास ठेवला नाही. पिपच्या आईला अजूनही अधूनमधून फोन येतात. मेरिनने शेवटी ब्लॉग बंद केला.

कापलेला भाग परत मिळाला नाही. पोलिसांच्या तज्ज्ञांनी खूप खटपट केली. शेवटचं रूप तेवढं शिल्लक होतं.

पुढच्या वर्षीच्या वसंतात कॅलमचा मला फोन आला. "क्लेम, मला तुरुंगात घेऊन चल. त्याने भेटायला होकार दिलाय."

"कशाला जीव जाळतोस?"

"मला रेक्सचं खालचं लिहिलेलं पाहिजे. पिपबद्दल आणखी काही असेल. आईला वाचून दाखवीन. ते वाचलेला जिवंत माणूस एकच आहे."

मी त्याला गोलबर्नच्या तुरुंगात घेऊन गेलो. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. मी बाहेर गाडीतच थांबलो. वाटलं होतं बराच वेळ लागेल, पण तो लगेच परत आला. दार उघडून बसला आणि पट्टा लावायला लागला. दोनदा प्रयत्न केला, पट्टा लागेना.

"सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगितलं. अगदी सभ्यपणे बोलला. हात जोडून म्हणाला, कॅलम, खोटं नाही सांगत. खाली बरंच होतं. दोन-तीन परिच्छेद होते. पण मी वाचले नाहीत."

"वाचले नाहीत? मग कापले कसे?"

कॅलमने पट्टा सोडून दिला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"म्हणाला, 'मी फक्त माझं नाव शोधत होतो.'"